उरलेल्या गोळ्या आणि सैनिकाचे घर : बजबजच्या निमित्ताने

अमली पदार्थ म्हटले की सीमेवर पकडलेली पोती, तस्करांच्या टोळ्या आणि शहरातील अंधारे कोपरे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात गैरवापराची एक वाट घरातूनच जाते. डॉक्टरांनी रीतसर लिहून दिलेली, रीतसर मिळालेली आणि दुखणे थांबल्यावर डब्यात पडून राहिलेली वेदनाशामक व झोपेची औषधे ही ती वाट होय. सेवेतील जवान, माजी सैनिक आणि त्यांची कुटुंबे यांच्या घरी औषधे नियमितपणे, बहुतांशी विनामूल्य आणि एकाहून अधिक ठिकाणांहून येतात. ती परत जाण्याची वाट मात्र ठरलेली नाही. म्हणूनच या वर्गासाठी औषधांचा गैरवापर रोखणे आणि उरलेल्या औषधांची सुरक्षित विल्हेवाट लावणे हे दोन वेगळे प्रश्न राहत नाहीत.

कोलकात्याच्या दक्षिणेस हुगळी नदीच्या काठी वसलेले बजबज हे गाव या प्रश्नाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सियालदहहून निघणाऱ्या लोकलचे हे शेवटचे स्थानक. तेलाच्या टाक्या आणि तागाच्या गिरण्या ही गावाची जुनी ओळख. सप्टेंबर १९१४ मध्ये 'कोमागाटा मारू' जहाजातून परतलेल्या प्रवाशांवर येथेच गोळीबार झाला होता. बजबज हे छावणीचे गाव नाही. सैन्यातून निवृत्त झालेला माणूस बहुधा अशाच साध्या नगरपालिकेच्या गावात राहतो आणि उपचारासाठी मोठ्या रुग्णालयाकडे जातो. कोलकात्यातील लष्कराचे कमांड रुग्णालय अलीपूरला आहे. पूर्व कमांडचे मुख्यालय असलेल्या फोर्ट विल्यमला आता सिंधुदुर्ग जिल्ह्यातील किल्ल्यावरून 'विजयदुर्ग' हे नाव मिळाले आहे, हे मराठी वाचकांना ठाऊक असेलच.

एका खलाशाची गोष्ट

बजबजच्या लष्करी इतिहासात नशेची एक विलक्षण नोंद आहे. डिसेंबर १७५६ च्या अखेरीस क्लाइव्ह आणि ॲडमिरल वॉटसन कलकत्ता परत घेण्यासाठी हुगळीतून वर येत होते. वाटेत बजबजचा किल्ला सिराजउद्दौलाच्या बाजूने माणिकचंदाच्या ताब्यात होता. जहाजांच्या तोफांनी तटबंदी खिळखिळी केली आणि हल्ला दुसऱ्या दिवशी करायचे ठरले. त्या रात्री स्ट्राहन नावाचा एक खलाशी, ग्रॉग पिऊन झिंगलेल्या अवस्थेत, कोणाच्याही आज्ञेवाचून खंदक ओलांडून तटावर चढला आणि किल्ला आपण घेतल्याचे ओरडू लागला. त्याच्यामागे इतरही धावले. किल्ला पडला, परंतु त्या गोंधळात कॅप्टन डुगल्ड कॅम्पबेल हा अधिकारी आपल्याच बाजूच्या गोळीने मारला गेला. वॉटसनच्या ताफ्यातील शल्यचिकित्सक एडवर्ड आइव्ज याने ही हकिगत आपल्या १७७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात दिली आहे.

ही गोष्ट बहुधा विनोद म्हणून सांगितली जाते. त्यातील दुसरी बाजू अशी, की स्ट्राहनने प्यायलेली दारू चोरटी नव्हती. पाणी घातलेली रम, म्हणजेच ग्रॉग, हा ब्रिटिश आरमारातील शिध्याचा भाग होता. ॲडमिरल व्हर्ननने १७४० मध्ये रममध्ये पाणी मिसळण्याची प्रथा सुरू केली, ती खलाशांची झिंग कमी व्हावी म्हणून. रमचा हा शिधा ३१ जुलै १९७० रोजी बंद झाला. नशेची वस्तू संस्थेच्या स्वतःच्या कोठारातून, हिशेबाने आणि चांगल्या हेतूने दिली जाते व पुढे तिचे काय होते यावर कोणाचीच नजर राहत नाही, ही अवस्था सैन्याला नवी नाही. आज रमच्या जागी गोळ्यांचे पाकीट आले आहे, एवढेच.

नोंदवही खिडकीपाशी संपते

भारतात तीव्र वेदनाशामके आणि झोपेच्या गोळ्या यांच्यावर कायद्याचे नियंत्रण आहे. अमली औषधिद्रव्ये व मनःप्रभावी पदार्थ कायदा १९८५ चा आहे. मार्च २०१४ पासून 'अनुसूची एच-१' लागू झाली. या अनुसूचीतील औषध देताना विक्रेत्याला रुग्णाचे व डॉक्टरचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. अल्प्राझोलम, डायझेपाम, झोलपिडेम, ट्रामाडॉल ही परिचित नावे या यादीत आहेत. ट्रामाडॉलचा गैरवापर वाढल्यावर एप्रिल २०१८ मध्ये ते १९८५ च्या कायद्याच्या कक्षेतही आणले गेले.

रुग्णालयांसाठी जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ आहेत. मुदत संपलेली आणि टाकून दिलेली औषधे त्यांत पिवळ्या वर्गात मोडतात आणि ती उत्पादकाकडे परत पाठवणे किंवा उच्च तापमानाच्या भट्टीत जाळणे बंधनकारक आहे. हे नियम लष्करी रुग्णालयांनाही लागू आहेत. तेथे अंमलबजावणीचा अधिकार सशस्त्र दल वैद्यकीय सेवेच्या महासंचालकांकडे दिलेला आहे. म्हणजे भांडारातील एखादी पेटी मुदतबाह्य झाली तर तिचा हिशेब द्यावा लागतो. त्याच पेटीतील दहा गोळ्यांचे पाकीट औषधवाटपाच्या खिडकीतून बाहेर पडले, की नोंदवही तेथेच संपते.

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, अर्थात ईसीएचएस, १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. देशभरात तिची चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक आहेत आणि माजी सैनिक व त्यांचे कुटुंबीय मिळून लाभार्थींची संख्या ५० लाखांच्या वर आहे. कोलकाता आणि बराकपूर येथे तिची केंद्रे आहेत, तशीच ती सातारा व कोल्हापूर येथेही आहेत. दीर्घकालीन आजारांसाठी साधारणपणे महिनाभराची औषधे एकदम दिली जातात. दूरवरून येणाऱ्या वृद्ध माणसाला दर आठवड्याला खेटे घालावे लागू नयेत, ही त्यामागील दृष्टी योग्यच आहे.

अडचण नंतर सुरू होते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मिळालेल्या वेदनाशामकाचे निम्मे पाकीट उरते. डॉक्टर बदलतो, गोळी बदलते, जुनी तशीच राहते. सेवेतील जवानाच्या बाबतीत दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. युनिटच्या एमआय रूममधील औषध, लष्करी रुग्णालयातील औषध, सुट्टीवर गावी गेल्यावर तेथील मेडिकलमधून घेतलेले औषध अशा तीन ठिकाणच्या गोळ्या एकाच डब्यात येतात. कोणाच्याही कागदावर त्यांची एकत्र यादी नसते. रुग्णाच्या निधनानंतर तर हा सारा साठा कपाटात तसाच पडून राहतो. कर्करोगाच्या अखेरच्या दिवसांत दिलेले मॉर्फिनही त्यात असू शकते.

कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळी किंवा साताऱ्याजवळील अपशिंगे यांसारख्या, पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जाणाऱ्या गावांत असे घर अपवादाचे नाही. शेजाऱ्याला तशीच पाठदुखी असते आणि गोळी आपुलकीने दिली जाते. फौजीकडची गोळी चांगली असते, असा विश्वासही त्यामागे असतो. एकाच्या दुखण्याला योग्य ठरलेली मात्रा दुसऱ्याच्या श्वासोच्छ्वासाला बाधक ठरू शकते, विशेषतः त्याने संध्याकाळी मद्य घेतले असेल तर. ट्रामाडॉलसारखी अफूवर्गीय औषधे, झोपेच्या गोळ्या आणि मद्य ही तिन्ही मेंदूतील श्वासाचे नियंत्रण मंदावतात. ती एकत्र आली की परिणामांची नुसती बेरीज होत नाही, धोका त्याहून पुढे जातो. सैनिकी कुटुंबांत कॅन्टीनमधून मिळणारे मद्य ही सर्वसामान्य बाब असल्याने हा मुद्दा वेगळा सांगणे आवश्यक ठरते.

या समस्येचा देशातील आवाका लहान नाही. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राच्या पुढाकाराने झालेले आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले राष्ट्रीय सर्वेक्षण सांगते, की १० ते ७५ वयोगटातील सुमारे १ कोटी १८ लाख लोक शामक औषधे वैद्यकीय सल्ल्याविना वापरत होते. त्या वयोगटातील हे प्रमाण १.०८ टक्के होते.

पश्चिम बंगालच्या सीमेवर कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाची तस्करी ही सीमा सुरक्षा दलाची जुनी डोकेदुखी आहे. जानेवारी २०२५ मध्ये नदिया जिल्ह्यातील माजदिया येथे जमिनीखाली पुरलेल्या पोलादी कोठारांतून या दलाने ६२,२०० बाटल्या बाहेर काढल्या. अशी कारवाई दिसते, छायाचित्रांत येते. ज्यांनी ती केली त्यांच्या स्वतःच्या घरातील अर्धवट बाटली कोणी मोजत नाही, आणि तिची मोजदाद करण्याची यंत्रणाही नाही.

अमेरिकेने उशिरा शिकलेला धडा

हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकी सैन्याने अनुभवला. व्हिएतनाम युद्धात हेरॉइन सहज मिळत असल्याने हजारो सैनिक त्याच्या आहारी गेले आणि जून १९७१ मध्ये मायदेशी परतण्यापूर्वी लघवीची तपासणी सक्तीची करण्यात आली. परतलेल्यांचा पाठपुरावा समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी केला. तेथे व्यसनाधीन झालेल्यांपैकी फार थोडे जण घरी आल्यावर पुन्हा व्यसनाकडे वळले, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या काळी तो अनेकांना खरा वाटला नाही. परिसर बदलला आणि वस्तू हाताशी राहिली नाही, की पुष्कळदा व्यसनाची पकड सैल होते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

पुढच्या युद्धांत परिस्थिती उलटी झाली. वस्तू परदेशात मागे राहिली नाही, ती घरच्या कपाटातच आली. इराक आणि अफगाणिस्तानातून जखमी होऊन परतलेल्या सैनिकांना वेदनाशामके मोठ्या प्रमाणात दिली गेली. अमेरिकेच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन' या संस्थेच्या २०१२ मधील अहवालानुसार लष्करी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामकांच्या चिठ्ठ्या २००१ ते २००९ या काळात चौपट होऊन सुमारे ३८ लाखांवर गेल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांचा गैरवापर केल्याचे सांगणाऱ्या कार्यरत सैनिकांचे प्रमाण २००२ मध्ये २ टक्के होते, ते २००८ मध्ये ११ टक्के झाले.

तेथे कायद्याचीच अडचण होती. रुग्णाच्या घरातील नियंत्रित औषध परत घेण्याचा अधिकार औषधविक्रेत्याला किंवा रुग्णालयाला नव्हता, तो व्यवहारतः पोलिसांपुरता होता. सप्टेंबर २०१० मध्ये देशव्यापी 'औषधे परत द्या' दिवस सुरू झाला, तो आता वर्षातून दोनदा, एप्रिल व ऑक्टोबरमध्ये पाळला जातो. २०१० च्या कायद्याने आणि २०१४ च्या नियमांनी औषधालयांना मुभा मिळाली. २०१६ पासून लष्करी रुग्णालयांतही कुलूपबंद पेट्या बसू लागल्या. सैनिकाने किंवा त्याच्या पत्नीने पेटीत पाकीट टाकायचे. नाव विचारले जात नाही, कारण विचारले जात नाही. पेटीचे यश या न विचारण्यात आहे.

नदी की घर

भारतात घरगुती औषधांच्या विल्हेवाटीबाबत स्पष्ट मार्गदर्शन बराच काळ नव्हते. मे २०२५ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने मुदतबाह्य व न वापरलेल्या औषधांच्या विल्हेवाटीची मार्गदर्शिका काढली. त्यात १७ औषधांची यादी असून ती उरल्यास शौचालयात किंवा सिंकमध्ये सोडून द्यावीत, असे सांगितले आहे. फेंटानिल, मॉर्फिन, ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, टॅपेन्टाडॉल, ट्रामाडॉल, डायझेपाम, मेथिलफेनिडेट ही त्यांतील काही.

अनेकांना हे वाचून आश्चर्य वाटले, कारण औषधे पाण्यात सोडू नयेत हा एरवीचा नियम आहे. त्यामागील हिशेब समजून घ्यावा लागतो. या यादीतील औषधे भलत्या माणसाच्या, विशेषतः मुलाच्या, हाती लागली तर एखाद-दुसरी मात्राही जीव घेऊ शकते. वापरून काढलेल्या फेंटानिलच्या पट्टीतही औषध पुष्कळ शिल्लक असते. ती साध्या कचऱ्यात गेली तर कचरा वेचणाऱ्या मुलाच्या हाती पडते. म्हणून घरातील तात्काळ धोका अधिक मोठा मानून पाण्याचे नुकसान येथे स्वीकारले आहे. परत घेण्याची सोय जवळ असेल तर तीच चांगली, याबाबत दुमत नाही.

यादीबाहेरच्या औषधांना ही सवलत नाही, हे तितकेच महत्त्वाचे आहे. प्रतिजैविके तर पाण्यात मुळीच सोडू नयेत. हैदराबादजवळील पाटनचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी स्वच्छ करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले होते. अशा पाण्यात औषधांना दाद न देणारे जंतू पोसले जातात. औषध निसर्गात गेल्यावर काय करते याचे दुसरे उदाहरण गिधाडांचे. जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात गेले आणि भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली. हेच डायक्लोफेनॅक माणसांच्या गुडघेदुखीवर आजही दिले जाते आणि माजी सैनिकांच्या डब्यात हमखास सापडते.

बजबजसारख्या गावात या नियमांची कसोटी लागते. कोलकात्याच्या उपनगरी पट्ट्यात घरामागे तळे असणे ही नेहमीची गोष्ट आहे. जेथे सांडपाण्याची वाहिनी नाही तेथे शौचालयातील पाणी सेप्टिक टाकीत आणि तेथून झिरपत जमिनीत किंवा तळ्यात जाते. हुगळी येथे भरती-ओहोटीची नदी आहे. जे सोडले ते वाहून गेले, असे येथे गृहीत धरता येत नाही, कारण पाणी दिवसातून दोनदा उलटे फिरते. थोडे वर गार्डन रीच येथील जलशुद्धीकरण केंद्र याच नदीचे पाणी पिण्यासाठी उचलते. म्हणून १७ च्या यादीतील चार गोळ्या सोडणे आणि अख्खा डबा रिकामा करणे यांतील फरक येथे अधिक जपावा लागतो.

उरलेल्या सामान्य औषधांसाठी, परत देण्याची सोय नसल्यास, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुचविलेली रीत भारतीय घरातही करता येण्याजोगी आहे. गोळ्या पाकिटातून काढून माती, वापरलेली चहापूड किंवा कॉफीचा गाळ अशा नकोशा वस्तूत मिसळाव्यात, पिशवीत बंद करून कचऱ्यात द्याव्यात आणि पाकिटावरील व चिठ्ठीवरील नाव खोडून टाकावे. गोळ्या कुटण्याची गरज नाही. श्वासातून घ्यायच्या औषधाचे पंप जाळू नयेत किंवा फोडू नयेत, ते स्फोट पावतात. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात ठेवून वेगळ्या द्याव्यात.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी मुदतबाह्य औषधांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली होती आणि दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली होती. जानेवारी २०२६ मध्ये अधिसूचित झालेल्या व १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरलेल्या नव्या नियमांत ओला, सुका आणि स्वच्छताविषयक कचरा यांखेरीज 'विशेष काळजीचा कचरा' असा चौथा भाग केला असून औषधे त्यात येतात. कागदावर पाहता नगरपालिकेला टाळाटाळीस जागा उरलेली नाही.

परत घेणारी खिडकी

देशात या दिशेने सर्वांत पुढे केरळ गेले आहे. तेथील औषध नियंत्रण विभागाने औषधविक्रेत्यांच्या संघटनेसह २०१९ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये उरलेली औषधे जमा करण्याचा उपक्रम केला. त्याचीच नवी आवृत्ती 'एनप्राउड' या नावाने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोझिकोडमध्ये सुरू झाली. ठरावीक ठिकाणी पेट्या ठेवल्या जातात, घरोघरी संकलनही होते आणि जमा झालेली औषधे एर्नाकुलम जिल्ह्यातील प्रकल्पात शास्त्रीय रीतीने जाळली जातात.

सैनिकी समाजाला असे काही उभारणे त्यामानाने सोपे असायला हवे. लाभार्थींची ओळख निश्चित आहे, पॉलिक्लिनिक आहे, तेथे औषधनिर्माता आहे, जैववैद्यकीय कचरा उचलणारी व्यवस्था ठरलेली आहे आणि महिन्याकाठी माणूस तेथे येतोच. नवे औषध घेताना जुने उरलेले परत आणावे, एवढीच सवय लावायची आहे. अर्थात, परत आलेल्या मॉर्फिनची नोंद कोणत्या वहीत करायची आणि ते जाळेपर्यंत कोणाच्या कुलपात ठेवायचे, हे आधी लेखी ठरावे लागेल. नाहीतर खिडकीवरचा कर्मचारी हात पुढे करणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

लपविण्यामागील भीती

पेटी बसवून सारे सुटत नाही. सेना अधिनियम, १९५० च्या कलम ४८ नुसार नशेत आढळणे हा गुन्हा आहे, मग सैनिक कर्तव्यावर असो वा नसो. व्यसनाचे निदान झाले तर वैद्यकीय श्रेणी खाली येते आणि तिचा परिणाम बढती व नेमणुकीवर होतो. शस्त्र हाताळणाऱ्या माणसाबाबत अशी दक्षता हवीच. परंतु तिची सावली घरावर पडते. पतीच्या गोळ्या वाढल्या आहेत हे पत्नीला सर्वांत आधी कळते आणि ती सर्वांत शेवटी बोलते.

अशा वेळी रागाने सगळा साठा फेकून देण्याची ऊर्मी होते. येथे सावधगिरी हवी. अल्प्राझोलम किंवा डायझेपामची दीर्घकाळ सवय झालेल्या माणसाची गोळी एकाएकी बंद केली तर त्याला झटके येऊ शकतात आणि ते प्राणघातकही ठरू शकतात. अफूवर्गीय औषध अचानक थांबले तर यातना होतात; काही दिवसांनी शरीराची सहनशक्ती उतरते आणि तेव्हा जुनीच मात्रा पुन्हा घेतली तर ती जीवघेणी ठरते. म्हणून उरलेली, कोणीही घेत नसलेली औषधे लगेच घराबाहेर काढावीत, पण चालू असलेली औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावीत. तोवर ती कुलपात ठेवून दिवसाची मात्रा घरातील दुसऱ्या व्यक्तीने मोजून देणे हा मध्यममार्ग आहे.

नाव उघड न करता बोलण्याची सोय काही प्रमाणात झाली आहे. मानसिक आरोग्यासाठीची 'टेली मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली. सशस्त्र दलांतील व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात आहे. व्यसनमुक्तीबाबत मार्गदर्शनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे, तर अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती देण्यासाठी जुलै २०२४ पासून १९३३ हा क्रमांक उपलब्ध आहे.